दिवसा दिसणारा टीव्ही

"अरे, या टीव्हीत दिवसा माझंच तोंड दिसतं. ते काय बघत बसू?"

२०२०च्या गणपतीत आजीने हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीव्ही मीच पाठवला होता. ४३ इंची, फोर-के, सेलमध्ये रात्री बारापर्यंत जागून घेतलेला. खोक्यावर पिक्सेलचा आकडा सोनेरी अक्षरांत छापलेला. पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून तो आकडा वाचताना मला वाटलं होतं, आजीसाठी आपण चांगल्यातलं चांगलं घेतलंय.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास, जमिनीवर आलं. दुपारच्या काही तासांत आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळांसकट आडवे झाले. कौलं उडाली. डिशची छत्री शेजारच्यांच्या विहिरीत सापडली. ओटीवरचा जुना डबा टीव्ही पावसात भिजून कायमचा गप्प झाला. त्यानंतर दीड महिना आमच्याकडे वीज नव्हती.

नुकसानीच्या यादीत टीव्हीचा नंबर अगदी शेवटचा होता. पण आजीच्या दिवसातली ती मोठी गोष्ट होती. आजोबा गेल्यापासून सकाळी भजन, दुपारी मालिकांचे जुने भाग, संध्याकाळी बातम्या, असं तिचं वेळापत्रक ठरलेलं. लॉकडाउन लागल्यावर २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवलं, ते तिने एकही भाग न चुकवता पाहिलं होतं. त्याच भिजून गेलेल्या डब्यावर. तेव्हा तिची काही तक्रार नव्हती.

मग वीसपट पिक्सेलवाल्या टीव्हीबद्दल का होती? (वीसपट हा आकडा मी हवेत सोडत नाहीये, त्याचा हिशेब पुढे येईल.)

उत्तर समजायला मला दोन दिवस ओटीवर बसावं लागलं. वादळाआधी आमचं घर पोफळींच्या सावलीत होतं. भर दुपारीही ओटीवर हिरवट अंधार असायचा. आता वाडीच उरली नव्हती. ऊन खळ्यावर पडून थेट ओटीवर येत होतं. टीव्ही नवा होता, पण घरातला उजेडही नवा होता. आणि त्या उजेडासमोर माझा फोर-के फिका पडत होता.

चूक माझी होती, पण ती फक्त माझीच नव्हती. त्यानंतर मी वाचत गेलो, घरच्यांना खोदून विचारत गेलो, तेव्हा लक्षात आलं की पडद्यावरचं चित्र बघण्याच्या सगळ्या इतिहासात हीच ओढाताण चालत आलीय: उजेड किती, रंग किती, आणि बारकावा किती. तिन्ही एकदम क्वचितच मिळतात. आणि विकणारा बहुतेक वेळा तिसऱ्याचाच आकडा पुढे करतो.

काच, दिवा आणि काळोख

आपल्याकडे ही गोष्ट टीव्हीच्या पुष्कळ आधी सुरू होते. १८९२च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यांच्यामागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. पौराणिक कथा अशा पडद्यावर दिसायच्या. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ला, म्हणजे त्यानंतर.

या खेळात बारकावा चित्रकाराच्या हातात होता आणि रंग काचेवर होता. उजेड मात्र दिव्यापुरताच. म्हणून खेळाची पहिली अट काळोख. पडद्याचा उजेड वाढवता येत नसेल, तर खोलीचा उजेड कमी करा. हा नियम तेव्हाचा आहे आणि आजही तितकाच खरा आहे. सिनेमागृह अंधारं असतं ते यासाठीच.

दुसरी गोष्ट १९३३ची. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करायचं ठरवलं. त्याच्या रंगीत प्रती काढण्याचं काम जर्मनीत झालं. पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. त्यानंतरही प्रभातचे गाजलेले चित्रपट काळे-पांढरेच राहिले. वाईट रंगापेक्षा चांगला काळा-पांढरा बरा, हे प्रेक्षकांनाही पटलं असावं. शांतारामबापूंनी रंगाचा पुरेपूर वापर केला तो १९५५च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये. तोवर बावीस वर्षं गेली होती.

मुंग्यांचे दिवस

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. चित्र ६२५ ओळींचं. त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात, बाकीच्या यंत्राच्या कामासाठी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची जवळपास चाळीस वर्षं आपल्या घरांतला बारकावा इथेच थांबलेला होता.

आमच्या गावात टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात, तोही सगळ्यांच्या आधी एका बागायतदाराकडे. वरळीच्या मनोऱ्यापासून आमचं गाव शंभरेक किलोमीटर. मध्ये खाड्या, डोंगर आणि समुद्र. कौलांवर बांबू, बांबूवर अँटेना, तिच्या दांड्याला बूस्टर. काका वर चढून अँटेना फिरवायचे आणि बाबा आतून ओरडायचे, "आला, आला… गेला! मागे घे!" चित्रापेक्षा मुंग्या जास्त. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे खांदे बारीक व्हायचे.

आजोबांनी टीव्ही घेतला तेव्हा रंगीत प्रसारण सुरू झालेलं होतं. १५ ऑगस्ट १९८२ला दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिल्लीच्या एशियाडमुळे शहरांत रंगीत संचांची हवा झाली. पण आजोबांनी हिशेब मांडला. त्यांच्या पैशांत एकतर २० इंची काळा-पांढरा येत होता, लाकडी कपाटाचा, सरकत्या दाराचा, कुलूप लावता येणारा. नाहीतर १४ इंची रंगीत, तोही थोडी उसनवारी करून. आजोबांनी मोठा घेतला. "दहा माणसं बसतात, लांबून दिसायला हवं," हे त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हती.

वर्षभरात आजीने तक्रार केली की शेजारी रंगीत आहे. आजोबांनी बाजारातून एक प्लास्टिकचा कागद आणला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. तो काचेपुढे लावायचा. निळं आभाळ, माणसाचा वर्ण, हिरवं गवत. कल्पना तशी झकास. फक्त बातम्या लागल्या की बाईंचे केस निळे आणि साडी कायम हिरवी. शिवाय त्या कागदाने निम्मा उजेड खाल्ला. आजीने दोन महिन्यांनी तो काढून धान्याच्या डब्यावर झाकण म्हणून घातला. आमच्या घराने रंगासाठी उजेड विकला होता, आणि सौदा फसला होता.

छोटा रंगीत, मोठा काळा-पांढरा

२५ जानेवारी १९८७पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागू लागलं. ही गोष्ट मी काकांकडून ऐकलेली, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पहिले दोन रविवार आमच्या ओटीवर गर्दी झाली, कारण आमचा टीव्ही मोठा. तिसऱ्या रविवारी गर्दी शेजारच्यांकडे गेली. त्यांच्या १४ इंची डब्यापुढे पन्नासेक माणसं दाटीवाटीने. लांब बसलेल्यांना रावणाची दहा डोकी मोजता येत नव्हती, पण पितांबर पिवळं दिसत होतं.

तांत्रिक दृष्टीने बघितलं, तर आमचा टीव्ही जास्त रेखीव होता. काळ्या-पांढऱ्या चित्रनळीत एकच किरण आणि पडद्याला सलग एकच लेप असतो. रंगीत नळीत तीन किरण, आणि पडद्याच्या मागे बारीक भोकांची धातूची जाळी. लाल किरण फक्त लाल ठिपक्यावर पडावा, हिरवा हिरव्यावर, हे बघणं त्या जाळीचं काम. ही जाळी सुमारे ८० टक्के इलेक्ट्रॉन अडवायची. म्हणजे रंगीत टीव्ही सुरुवातीपासूनच रंगापायी उजेड आणि बारकावा दोन्ही गमावून बसलेला. सोनीने १९६८मध्ये ट्रिनिट्रॉन आणला, त्यात भोकांऐवजी उभ्या चिरा होत्या. जास्त उजेड पडद्यापर्यंत पोचायचा. त्या नावाचा एवढा दबदबा झाला त्याचं मोठं कारण हे.

हे सगळं गावात कुणाला माहीत नव्हतं, माहीत असायची गरजही नव्हती. पन्नास माणसांनी जागा बदलून मत दिलं: मोठं आणि रेखीव नको, रंगीत हवं. मात्र शेजारच्यांनी त्यासाठी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि बाहेर पोफळींची सावली होतीच. खरोलिकेचा काळोख.

आजोबांनी दोन वर्षांनी रंगीत घेतला. लाकडी कपाटात आजही आजीच्या साड्या आहेत.

डोळा काय बघतो

हा गावाचा कौल इंजिनिअरांना तीसेक वर्षं आधीच कळलेला होता. डिसेंबर १९५३मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीची एनटीएससी पद्धत मंजूर झाली. अडचण अशी होती की लोकांच्या घरी लाखो काळे-पांढरे संच होते. नवं प्रसारण त्यांच्यावरही दिसायला हवं. मग जुन्या सिग्नलच्या जागेतच रंग कसा कोंबायचा?

त्यांनी डोळ्याचा स्वभाव वापरला. उजेड-अंधाराच्या कडा आपल्याला फार बारीक दिसतात. रंगाच्या कडा तितक्या बारीक दिसत नाहीत. म्हणून उजेडाचं चित्र पूर्ण बारकाव्याने पाठवायचं आणि रंग त्यावर ढोबळ कुंचल्याने फिरवायचा. रांगोळीत नाही का, रेघा नेमक्या काढल्या की रंग थोडा इकडेतिकडे सांडला तरी चालतो. साठच्या दशकात जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी याच तत्त्वावर पाल पद्धत तयार केली. भारताने तीच घेतली.

गंमत म्हणजे ही युक्ती अजून चालू आहे. आज तुम्ही ओटीटीवर जे फोर-के बघता, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एक. म्हणजे रंगापुरतं ते फोर-के नसतंच. फुल एचडी असतं. आणि आपल्या कुणाच्या ते लक्षात येत नाही.

आता रंगाच्या पल्ल्याबद्दल. रंगाचा बारकावा वेगळा आणि रंगाचा पल्ला वेगळा. पल्ला म्हणजे टीव्हीचा लाल किती गडद लाल होऊ शकतो, हिरवा किती हिरवा. जास्वंद टीव्हीवर नेहमी थोडी विटकी का दिसते? कारण तेवढा लाल त्या पडद्याच्या पेटीतच नसतो.

१९५३च्या पद्धतीने कागदावर ठरवलेला पल्ला चांगला मोठा होता. पण त्या रंगांच्या चमकणाऱ्या भुकट्या, म्हणजे फॉस्फर, फार मंद होत्या. लोकांना दिवाणखान्यात दिवे लावून टीव्ही बघायचा होता. मग कंपन्यांनी साठच्या दशकात हळूहळू जास्त उजळ भुकट्या वापरायला सुरुवात केली. त्यांचा हिरवा तितका हिरवा नव्हता, पण चित्र झळझळीत दिसायचं. १९६४च्या सुमारास युरोपियम हे मूलद्रव्य वापरलेला उजळ लाल फॉस्फर आला. तोवर लाल दुबळा म्हणून समतोल राखायला बाकीचे दोन रंगही मंद ठेवावे लागत. ती अडचण गेली. शेवटी मानकंच बदलली आणि छोटा पल्ला अधिकृत झाला. आज मॉनिटरच्या माहितीत '७२% एनटीएससी' असं लिहिलेलं दिसतं, ते १९५३च्या त्या मूळ पल्ल्याशी केलेल्या तुलनेतून येतं. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ठरवलेल्या रंगांपैकी तीन चतुर्थांशही अनेक पडदे दाखवत नाहीत.

या सगळ्यात एक क्रम दिसतो. जेव्हा जेव्हा निवडायची वेळ आली, तेव्हा घरातल्या टीव्हीने आधी उजेड निवडला, मग रंग, आणि बारकावा शेवटी.

मोजता येतं ते विकता येतं

मग पिक्सेल पहिल्या नंबरवर आले कसे?

चित्रनळ्या गेल्या, सपाट पडदे आले. सपाट पडद्यात पिक्सेल मोजता येतात, छापता येतात, शेजाऱ्याला सांगता येतात. आधी एचडी रेडी, मग फुल एचडी. ऑक्टोबर २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनने एचडी प्रसारण केलं. ५७६ ओळींवरून १०८० ओळींवर जाणं ही खरीच मोठी उडी होती, त्यात वाद नाही. क्रिकेटचा चेंडू अचानक शिवणीसकट दिसायला लागला.

पुढची पायरी २०१२ची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्या वर्षी बीटी.२०२० नावाचं मानक काढलं. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: फोर-के आणि एट-के एवढा बारकावा, आणि रंगांचा कितीतरी मोठा पल्ला. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशावर एचडीचा त्रिकोण साधारण ३६ टक्के भाग व्यापतो, बीटी.२०२०चा साधारण ७५ टक्के. बाजाराने या कागदाचा अर्धाच भाग उचलला. पिक्सेल चारपट करणं कारखान्याला सोपं गेलं. रंग वाढवणं आणि उजेड वाढवणं महाग पडलं.

उजेडाचं मानक तर वेगळंच, नंतर आलं. उजेड मोजायचं एकक निट. चित्रनळीच्या काळात स्टुडिओतला पडदा सुमारे १०० निटवर लावलेला असे आणि सगळं चित्र त्या हिशेबाने बनायचं. २०१४पासून डॉल्बी व्हिजन, मग एचडीआर-१० आणि २०१६मध्ये बीटी.२१०० आलं. त्यात चित्राला १०,००० निटपर्यंत जागा ठेवलीय. प्रत्यक्षात चित्रपट बहुतेक १,००० ते ४,००० निटच्या हिशेबाने तयार होतात. आणि स्वस्त टीव्ही? २०० ते ३००. त्याच्या खोक्यावरही 'एचडीआर' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की तो सिग्नल त्याला वाचता येतो. तेवढा उजेड पाडता येतो असा नाही.

ओटीवरचं गणित

आता माझ्या चुकीचा हिशेब.

आजीची खाट आणि टीव्ही यांत दहा फूट अंतर. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद. फुल एचडीत १,९२० उभ्या रांगा, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढी वस्तू वेगळी दिसते. म्हणजे साडेपाच फुटांपलीकडे गेलं की फुल एचडीचा पिक्सेलही वेगळा दिसत नाही. दहा फुटांवरून फोर-के आणि फुल एचडी यांत फरक करणं तरुण डोळ्यांनाही जमत नाही. आजीच्या डोळ्यांत तर मोतीबिंदू होता.

शिवाय डबा तोच, चॅनेल तेच. साध्या डिशवरून येणारं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-केचे ८२,९४,४००. भागून बघा: बरोबर २० पट. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस पिक्सेलांपैकी एकाची माहिती आकाशातून येत होती आणि एकोणीस टीव्ही अंदाजाने रंगवत होता. मी त्या एकोणीस अंदाजांचे पैसे मोजले होते.

आणि उजेड? समजा दारातून येणाऱ्या उन्हामुळे बंद पडद्यावरूनही १५ निट उजेड परत फिरतो. मग २०० निटच्या टीव्हीवर सगळ्यात पांढरी जागा सगळ्यात काळ्या जागेच्या जेमतेम १४ पट उजळ. ६०० निटचा असता, तर ४१ पट. काळोखात हेच प्रमाण हजारावर जातं. चौदा पटीत माणसाचे केस, सावली, काळी साडी सगळं एकच करडं होतं. आणि काळ्या जागी काचेत आजीचं स्वतःचं तोंड. ती शब्दशः खरं बोलत होती.

तुम्ही हे वाचताय तो मोबाईल उन्हात धरून बघा. काय करता? ब्राइटनेसची पट्टी पूर्ण वर. भर दुपारी एसटीच्या थांब्यावर कुणीही "याचं रिझोल्यूशन किती" असं विचारत नाही.

माणगावच्या दुकानात

वाडी गेल्यावर उत्पन्नही गेलं. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. काकांनी मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी सुरू केल्या आणि त्यांना तिथे एक टीव्ही हवा होता. "फोर-के लिहिलेलं असलं की पाहुणे खूश होतात रे," काका म्हणाले. मग मार्ग आपोआप निघाला. माझा फोर-के पाहुण्यांच्या खोलीत गेला. तिथे खिडकी एकच, पाहुणे टीव्ही लावतात रात्री, मोबाईल जोडून ओटीटी बघतात, आणि पलंगापासून पडदा पाच फुटांवर. त्या खोलीत तो छान दिसतो. टीव्ही वाईट नव्हता, चुकीच्या जागी होता.

आजीसाठी आम्ही माणगावला गेलो. दुकानात सगळे टीव्ही एकाच झगमगीत मोराचा व्हिडिओ दाखवत होते. प्रत्येक टीव्ही दुकानासाठीच्या भडक मोडमध्ये. मी दुकानदारांना तीन विनंत्या केल्या. एक, मोड साधा करा. दोन, मोर बंद करून डिशवरच्या मराठी बातम्या लावा. तीन, दोन टीव्ही दारापाशी उजेडात आणून ठेवा. "एवढ्या चौकशा कोण करत नाही हो," ते म्हणाले, पण आणले. मग निट विचारले, त्यांनी कंपनीच्या माहितीतून काढून दिले. रंगांबद्दल विचारल्यावर म्हणाले, "शंभर कोटी रंग आहेत." ते खरं होतं. दहा बिटांच्या पडद्यात प्रत्येक मूळ रंगाच्या १,०२४ छटा, तिन्हींचा गुणाकार १०७ कोटी. पण ती छटांची संख्या. पायरीच्या लहान-मोठेपणाचा आकडा. जिना किती उंच जातो ते त्यातून कळत नाही. जिन्याची उंची म्हणजे पल्ला.

काका दारात उभे राहिले, डोळे बारीक करून दोन्ही पडदे पाहिले आणि कमी पिक्सेलच्या, पण जास्त उजळ टीव्हीकडे बोट दाखवलं. "याच्यातल्या बाईचं कुंकू लाल दिसतंय." मी तासभर समजावलेलं त्यांनी एका वाक्यात संपवलं.

घरी आल्यावर टीव्ही ओटीवर दारासमोर न ठेवता आडव्या भिंतीला लावला, म्हणजे दाराचं प्रतिबिंब पडत नाही. वीज वाचवण्याचा मोड बंद केला, कारण तो उजेड कापतो. आणि बॅकलाइट वाढवला. पुष्कळ टीव्हींत 'ब्राइटनेस' नावाचं बटण फक्त काळ्या भागाची छटा बदलतं, खरा उजेड 'बॅकलाइट'मध्ये असतो. या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. तुमच्याकडे कुठलाही टीव्ही असो, आधी हे करून बघा. पडदा खूप मोठा असेल, जवळून बघत असाल, गेम खेळत असाल, तर पिक्सेल जरूर मोजा. नाहीतर आधी तुमच्या खोलीत ऊन कुठून येतं ते बघा.

निळा कमी कर

२०२२मध्ये आजीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा उजेड आत कमी पोचतो, आणि सगळं जग जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसू लागतं. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं होतं. त्याच्या मोतीबिंदूच्या वर्षांतली चित्रं तांबूस-पिवळी होत गेली. १९२३मध्ये ऑपरेशन झाल्यावर त्याला निळा नको इतका दिसू लागला.

पट्टी काढून आजी घरी आली, त्या दिवशी दुपारी तिने टीव्ही लावला. कुठल्यातरी प्रवासाच्या कार्यक्रमात समुद्र दाखवत होते. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. आम्हाला वाटलं, डोळा दुखतोय. मग मला हाक मारली.

"याचा निळा जरा कमी कर रे. समुद्र काय एवढा निळा असतो होय?"

मी तिला हाताला धरून खळ्यात नेलं. समोर आता पोफळी नाहीत, त्यामुळे आमच्या खळ्यातून समुद्र सरळ दिसतो. नव्याने लावलेली रोपं तेव्हा गुडघ्याएवढी होती. आजीने हात कपाळाशी धरून पाहिलं.

"असतो की," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली. आत टीव्ही चालूच होता.